शत्रूंची वही

त्या दुकानाच्या जाहिरातीत 'शेवटचे दोन तास' उरले होते, आणि ते गेले सात आठवडे उरलेलेच होते. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला बसायचे, आज तरी संपले का. नाही संपायचे. मला त्या दोन तासांचा इतका लळा लागला होता की ते एखाद्या दिवशी खरंच संपले असते तर मला करमलं नसतं.

दुसऱ्यांच्या जाहिराती बघणं हे माझं काम आहे. ते सहज करता येतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सुरतेतल्या गोडादऱ्यात, आमच्या घरात अक्षरशः उड्या मारल्या होत्या. आपल्या मोबाइलवर ज्या जाहिराती येतात ना, त्या दाखवणाऱ्या कंपनीनेच त्यांची एक लायब्ररी उघडी ठेवलेली आहे. कुणीही जावं, दुकानाचं नाव टाकावं, की त्या दुकानाच्या सगळ्या चालू जाहिराती समोर हजर. कोणती कधीपासून चालली आहे तेही लिहिलेलं. म्हणजे चोरून बघायची गरजच नाही! आमच्या गल्लीत शेजारणीने आज भाजी कसली केली हे कळायलासुद्धा यापेक्षा जास्त खटपट करावी लागते.

हे सगळं मी का करत होते ते आधी सांगते. मी रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये एका साडीच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटर ऑपरेटर होते. दिवसभर साड्यांचे फोटो फोल्डरमध्ये टाकायचे आणि त्यांना नंबर द्यायचे. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. सहा वर्षं मी त्या भिंतीकडे बघितलं. तिच्यावर एक ओल आलेला डाग होता, तो कधी उंटासारखा दिसायचा, कधी आमच्या शेठच्या मेव्हण्यासारखा. एका दुपारी मी उठले, नोकरी सोडून आले, आणि साठवलेल्या पगारातून साड्यांचे पाच गठ्ठे घरी आणून टाकले. स्वतःचं ऑनलाइन दुकान काढायचं, बस्स.

गठ्ठे ठेवायला जागा एकच होती, पुढची खोली. तिथे बाबांची खाट होती. ती गॅलरीत गेली.

बाबा तीस वर्षं सांच्यावर होते, म्हणजे पॉवरलूमवर. लिंबायतच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, सोळा सांचे एका वेळी खडखडायचे आणि त्यांच्यामध्ये बाबा. आता ते घरी आहेत, पण कान त्या खात्यातच राहिले. त्यांना काही सांगायचं तर गल्लीला सांगितल्यासारखं सांगावं लागतं. गॅलरीतल्या खाटेवर बसून त्यांनी माझ्या धंद्याचा निकाल लावला.

"आखाजीलगून देखूत," ते म्हणाले. "नही जमनं तं परत नवकरी."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्यांसाठी ती सोनंबिनं घ्यायची असते. आम्हा खानदेशी लोकांसाठी ती लेकीची. सासरी गेलेली मुलगी आखाजीला माहेरी येते, झोक्यावर बसते, पुरणपोळी आणि रस खाते, आणि जाताना आईच्या हातची साडी घेऊन जाते. सुरतेत आमची दुसरी पिढी झाली, तरी आखाजी जवळ आली की घराघरांत फोन सुरू होतात. माझ्या हातात तेव्हा तीन महिने होते. पाच गठ्ठे गेले पाहिजेत, नाहीतर ती भिंत, तो डाग आणि शेठचा मेव्हणा.

मी एक शाळेची वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, 'शत्रूंची वही'. साड्या विकणारी बारा दुकानं शोधली. त्यांची खरी नावं लांबलचक आणि एकसारखी होती, म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली. दोन तासवाला तर सांगितलाच. एक लाल पडदेवाला, त्याच्या सगळ्या साड्या एकाच लाल पडद्यासमोर. एक कुजबुजणारी, तिच्या जाहिरातीतली बाई साडीची किंमत अशी सांगायची की जणू आपल्या दोघींचं काही गुपित आहे. आणि सगळ्यात मोठी, पंखावाली. तिच्या जाहिरातीत एक गोरटेली, बारीक मुलगी असायची आणि तिचा पदर सतत उडत असायचा. घरात, जिन्यात, देवळात, कुठेही. वारा त्या मुलीला सोडतच नव्हता.

जी जाहिरात खूप दिवस चालू असते ती चांगली चालत असणार, कारण चालत नसलेल्या जाहिरातीवर कोण पैसे घालेल? हा माझा पहिला नियम. मग मी प्रत्येकीचे पहिले तीन सेकंद दहा-दहा वेळा बघायचे. आधी काय दिसतं, साडी की चेहरा? आधी काय ऐकू येतं? मी इतकी रंगून गेले होते की रस्त्याने जाताना रिक्षाच्या मागे लिहिलेलं वाचूनही मनात म्हणायचे, याची सुरुवात चांगली आहे, पण शेवटी 'आजच या' हवं होतं.

एक घोटाळा मात्र झाला. मी साड्यांच्या इतक्या जाहिराती उघडल्या की साड्या घरभर आमच्या मागे लागल्या. घरात वायफाय एकच. बाबा सकाळी गॅलरीत बसून फोनवर भजनं बघतात. पांडुरंगाच्या दोन अभंगांच्या मध्ये ती पंखावालीची मुलगी पदर उडवत आली. मग पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाबा फोन घेऊन आत आले आणि त्यांच्या त्या आवाजात ओरडले, "ह्या बायास्ले मना नंबर कोन दिना?"

शेजारची खिडकी उघडली. मी हसून हसून गठ्ठ्यावर आडवी झाले. माय स्वयंपाकघरातून बाहेर आली, आईला आम्ही माय म्हणतो, आणि तिने फोन हातात घेऊन ती जाहिरात शांतपणे शेवटपर्यंत पाहिली. माय तेव्हा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. व्यापाऱ्याचा माणूस साड्या टाकून जायचा, आठ दिवसांनी घेऊन जायचा. तिने स्क्रीनवरचा पदर दोन बोटांनी मोठा केला.

"हाऊ खडा मना हातना शे," ती म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरीच. तिने कोपऱ्यातलं फूल दाखवलं. पाच खडे गोल आणि मधला जरासा वर. सगळ्या बायका मधला खडा बरोब्बर मध्ये लावतात. माय तो वर लावते, कारण तिला तसं फूल उमललेलं वाटतं. आणि तो तसाच होता. आमच्या पुढच्या खोलीत, याच फरशीवर मायने लावलेला खडा पंखावालीकडे वाऱ्यावर उडत होता. माय खूश झाली. मी मात्र वहीत लिहिलं, 'माल तोच, मग फरक जाहिरातीचाच'. आणि कॉपी करायला बसले.

त्या पंधरा दिवसांबद्दल मला अजूनही लाज वाटते आणि हसूही येतं. लाल पडदा म्हणून मी लाल चादर लावली. ती पडली. पुन्हा लावली. पदर उडवायला टेबलफॅन आणला, स्वतःच साडी नेसून त्याच्यासमोर उभी राहिले, आणि पदर उडाला तो सरळ पंख्यात. मायने पळत येऊन प्लग उपटला. साडीचं एक टोक आमच्या पंख्याच्या जाळीत आजही अडकलेलं आहे. मग मी कुजबुजून पाहिलं. 'फक्त आज' लिहून पाहिलं. 'शेवटचे दोन तास' लिहायला मात्र मन धजलं नाही, तेवढं इमान माझ्यात होतं.

सगळ्या जाहिराती चालवल्या. लोकांनी विचारलं, 'भाव?' भाव सांगितला की गप्प. कारण तीच साडी, तसाच पडदा, तसाच वारा त्यांनी आधी दहा ठिकाणी बघितला होता. एक गठ्ठा कसाबसा सुटला, तोही निम्मा शेजारणींनी दयेने घेतला. आखाजीला एकच महिना राहिला. बाबा गॅलरीत पाय दुमडून झोपत होते, आणि मला झोपेत तो ओलीचा डाग दिसायला लागला होता.

आणि मग एका सकाळी, कंटाळून, काही सुचत नव्हतं म्हणून, मी लायब्ररीत दुकानाच्या नावाऐवजी एक शब्द टाकला. 'आखाजी'.

काही नाही.

मी पुन्हा टाकला. मराठीत, इंग्रजी अक्षरांत, दोन-तीन प्रकारे. काहीच नाही. एकही जाहिरात नाही! बारा शत्रू, त्यांचे पडदे, त्यांचे पंखे, सगळे 'अक्षय्य तृतीया स्पेशल' म्हणून सोन्याच्या रंगात न्हाऊन बसले होते, आणि लेकीला माहेरी बोलावण्याची गोष्ट त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. माझ्या अंगात वारं शिरलं. खुर्चीवर चढून ओरडले. माय म्हणाली, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "माय, कोणीच नाहीये! मैदान रिकामं आहे!" आणि तिला धरून गठ्ठ्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. दोन महिने मी लोक काय करतात तेच बघत बसले होते. ते काय करत नाहीत हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. आणि जे ते करत नव्हते ते माझ्या घरात, माझ्या मायच्या तोंडात होतं.

मायलाच जाहिरातीत घ्यायचं ठरलं. ती तयार व्हायला एक दिवस गेला आणि बोलायला दुसरा. मी तिला लिहून दिलं होतं, गोड, हळुवार, शुद्ध मराठीत. पण माय हळू बोलूच शकत नाही. तीस वर्षं बाबांशी बोलून तिचा आवाज तसा झालाय. 'नमस्कार मैत्रिणींनो' असं ती म्हणाली की वाटायचं, कुणाची तरी गाय सुटली आहे. मी म्हणायचे, माय, हळू. ती आणखी मोठ्याने म्हणायची, "हळूच तं बोलस!" अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ती चिडली आणि पदर खोचून उठली.

तेवढ्यात माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. ती धुळ्याकडे दिलेली आहे आणि गेल्या दोन आखाजींना तिला यायला जमलं नव्हतं. माय फोन कानाला लावून, एका हातात साडी तशीच धरून, खोलीच्या मध्ये उभी राहिली आणि ओरडली, "आखाजीले ये वं पोरी! तुनाकरता साडी काढी ठेयेल शे!"

माझा कॅमेरा चालूच होता.

मी ते रात्रभर न ठेवता त्याच तासाला लावून टाकलं. ना पडदा, ना पंखा. मागे गठ्ठे दिसतात, एका कोपऱ्यात बाबांचा पाय दिसतो. खानदेशातली गावं निवडली आणि सुरतेतले आमचे भाग निवडले. दुपारपर्यंत माझा फोन तापला. पण कुणी भाव विचारत नव्हतं. सगळ्या विचारत होत्या, माय कोणत्या गावची? आडनाव काय? अमळनेरकडची बोली वाटते, खरं का? एकीने लिहिलं, मावशी, मला पण बोलवा ना.

रविवारी दाराशी रिक्षा थांबली. लिंबायतहून पाच बायका उतरल्या. जाहिरातीत मी पत्ता दिला नव्हता, पण त्यांच्यापैकी एकीने मागच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी ओळखली होती. मी दार उघडून काही विचारायच्या आत सगळ्यात पुढची म्हणाली, "तुम्ही बलायं, म्हनीसन उनूत."

मायला त्यात काही नवल वाटलं नाही. बोलावलं होतं, आल्या. तिने चहा टाकला, प्रत्येकीचं गाव विचारलं, दोघींशी नातं जोडलं, आणि एका तासात एकही साडी विकली नाही. मी मागे हात चोळत उभी. दुसऱ्या तासात पाचही जणींनी घेतल्या. त्यांतली एक पन्नाशीची होती, साडी पॅकिंगच्या कामाला जाणारी. तिने पैसे दिले, साडी घेतली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने ती साडी मायच्या हातात ठेवली.

"आते तुम्ही तुमना हातथीन द्या," ती म्हणाली. "मनी माय जाईसन नऊ वरीस व्हयनात."

मायने तिला पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओटीत मूठभर गहू घातले आणि साडी दिली. ती बाई रडली, मग हसली, मग म्हणाली चहा आणखी एक कप होईल का. मी आत जाऊन चहा टाकला आणि गॅसपाशी उभी राहून रडले. पातेल्यातला चहा उतू गेला.

त्यानंतर दारात रोजच रिक्षा थांबू लागल्या. आणि मायने नियमच केला, प्रत्येक साडी अशीच जाणार. मी म्हटलं, दारात येणाऱ्यांचं ठीक, पण ज्या नंदुरबारहून, जळगावहून ऑनलाइन मागवतात त्यांचं काय? माय म्हणाली, त्यांना काय माय नाही का? तेव्हापासून प्रत्येक पार्सलात कुंकवाची पुडी आणि मूठभर गहू. मी पुड्या बांधायचे, माय घाईत गहू तसेच टाकायची. चौथ्या दिवशी कुरिअरवाला दारात उभा राहून ओरडला.

"बेन, पार्सलमांथी घउं पडे छे! ऑफिसमां कबूतर आवे छे!"

बाबांना हे पहिल्या फटक्यात ऐकू आलं. ते गॅलरीत इतके हसले की खाट वाजायला लागली.

आणखी दोन गठ्ठे गेले, तिसरा गेला. बहिणीचा फोन आला की ती येते आहे, नवऱ्याने जाहिरात पाहिली आणि म्हणाला, सासूबाई एवढ्या ओरडून बोलावतायत तर जाऊन ये. मी हवेत होते. आखाजीला आठवडा राहिला आणि शेवटच्या गठ्ठ्याची दोरी तेवढी सोडायची होती. सवयीने मी सकाळी लायब्ररी उघडली, 'आखाजी' टाकलं, आता आपली एकटीची जाहिरात बघायची म्हणून.

दोन होत्या.

दुसरी पंखावालीची. तीच गोरटेली मुलगी, मागे मऊ प्रकाश, मातीची भिंत रंगवलेली, झोपाळा फुलांचा. पदर उडतोय. आणि ती हसून, अगदी हळुवार म्हणते, "आखाजीले ये वं पोरी, तुनाकरता साडी काढी ठेयेल शे." शब्दन्‌शब्द आमचा. त्यांच्याकडे पैसा, त्यांची जाहिरात आठवड्यात गावागावांत पोचणार. मी बारा दुकानं बघत होते, तेव्हा माझ्या कधी मनातही आलं नाही की आम्हालाही कुणीतरी वहीत लिहून घेत असेल.

बाबांपासून लपवणं बरोबर नव्हतं. निकाल त्यांचा होता. मी फोन घेऊन गॅलरीत गेले आणि मोठ्याने सांगितलं, "बाबा, मोठ्या दुकानाने आपली जाहिरात उचलली."

त्यांनी फोन घेतला. बघितलं. कानाला लावला. "आवाज वाढाव," म्हणाले. मी वाढवला. पुन्हा कानाला लावला. पुन्हा. तोवर मायही येऊन खांद्यावरून बघत होती. तिने दोन बोटांनी पदराचा कोपरा मोठा केला. पाच खडे गोल, मधला जरासा वर.

"साडी मनी," माय म्हणाली. "बोलनं बी मनं. पन ही पोर कोननी शे?"

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "हाई पोर काय बोलस, आयकूच येत नही," ते म्हणाले. "मंग कोन येई?"

आणि ते खाटेवरून उठले, पुढच्या खोलीत आले, शेवटच्या गठ्ठ्याची दोरी त्यांनी स्वतः सोडली. नोकरीचं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, नंतरही नाही. मी काय करावं ते न कळून नुसतीच हसत उभी होते.

माय अजून फोनकडे बघत होती. त्या मुलीचं वारं थांबत नव्हतं. "इतली नटेल शे," माय म्हणाली, "पन तिले कोनी बलायेल दिसत नही. लिख तिले."

मी त्या दुकानाला निरोप पाठवला, की तुमच्या जाहिरातीतल्या मुलीला आमच्या मायचा निरोप सांगा. मग शत्रूंची वही उघडली, पंखावालीचं पान काढलं, आणि खाली लिहिलं, 'आखाजीला बोलावलं आहे.'